नळीवरचा शब्द

ज्या बाईने मला या शहरात उभं केलं, तिच्याविषयी वाईट लिहायचं नाही असं मी बरेच दिवस ठरवून होते. आज लिहिते आहे, आणि लिहायला बसल्यावर दिसतं की तिच्यापेक्षा माझंच जास्त वाईट निघणार आहे.

तिला मी अक्का म्हणते. नात्याने ती माझी कोणी नाही. नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत तिचं घर आणि पुढच्या गल्लीत आमचं. आमच्या वस्तीतून हैदराबादला जाऊन पगाराची नोकरी करणारी ती पहिली मुलगी. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायची आणि मी त्याच शाळेत शिकायचे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेलं कोणी नव्हतं. मी बी.एस्सी. झाले तेव्हा आईने ते प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि अक्काला फोन लावून विचारलं, आता हिचं काय करायचं? अक्का म्हणाली, पाठवून द्या.

विद्यानगरात तिच्या दोन खोल्या होत्या, त्यातली एक तिने मला दिली. ती ज्या प्रयोगशाळेत रक्त घ्यायचं काम करायची तिथे मला आत तपासणीच्या टेबलावर लावून दिलं. शीर कशी शोधायची, मशीनवरचा आकडा खोटा वाटला तर काय करायचं, मॅडमसमोर कधी बोलायचं आणि कधी नाही, हे सगळं तिने शिकवलं. या शहरात आल्यावर तिला एका घरमालकाने खोलीची किल्ली दिली होती आणि आडनाव ऐकल्यावर दारातच परत मागून घेतली होती. ती गोष्ट ती हसत हसत सांगायची, पण सांगताना तिचा हात उगाच पदराशी चाळा करायचा. म्हणून मला वाटायचं, माणसाला नावं ठेवणं म्हणजे काय हे अक्काला कळतं. ते खरंही होतं. तिला कळत होतंच.

आमची प्रयोगशाळा छोटी होती. पुढे काउंटर, त्याच्या बाजूला पडद्याआड रक्त घ्यायची खुर्ची, आत माझं टेबल आणि शेवटी पॅथॉलॉजिस्ट मॅडमची केबिन. प्रत्येक नळीवर फॉर्मचा क्रमांक आणि नाव मार्करने लिहायचं असा नियम होता. पण सकाळी सात ते नऊ उपाशीपोटी आलेल्यांची रांग लागायची, एकाच नावाची तीन-तीन माणसं असायची, आणि अक्का क्रमांक गाळून खूण लिहायची. निळा बुरखा. भाजीवाली. खोकला. ह्या खुणा ती मराठीत लिहायची, कारण तिथे मराठी वाचणाऱ्या आम्ही दोघीच. काउंटरवरची मुलगी तेलुगू, साफसफाईच्या चाची उर्दू, मॅडम इंग्रजी. दुपारी फॉर्म आणि नळ्या जुळवताना अक्का माझ्या शेजारी उभी राहून सांगायची, हा खोकला म्हणजे हा फॉर्म. मग मी त्यावर नीट क्रमांक घालायचे.

परक्या गावात आपली भाषा कोणालाच कळत नाही याचं मला फार सुख होतं. पडद्यापलीकडून आलेली नळी हातात घेतली की अक्काने मला चिठ्ठी पाठवल्यासारखं वाटायचं. एका नळीवर 'बोकड' लिहिलं होतं, कारण त्या गृहस्थाची दाढी तशी होती. मी टेबलावर डोकं ठेवून हसले होते.

विद्यापीठ जवळ असल्याने परदेशी विद्यार्थी आमच्याकडे यायचे. पहिल्यांदा 'हबशी' लिहिलेली नळी आली तेव्हाही मी हसले. हे मला लिहायलाच हवं. अक्काने पडद्यातून डोकं काढून पाहिलं, मी हसते का ते, आणि मी हसले. त्या शब्दात हसण्यासारखं काही नव्हतं. ती बघत होती म्हणून मी हसले.

दुसऱ्यांदा हसू आलं नाही. तिसऱ्यांदा मी ती नळी हातात धरून बसले आणि मला आमच्या शाळेतले एक गुरुजी आठवले. ते हजेरी घेताना इतरांची नावं घ्यायचे आणि शिष्यवृत्तीवाल्यांना मिळून एकच हाक मारायचे, 'सरकारचे जावई'. त्यावर आम्ही सगळे 'हजर' म्हणायचो. मीसुद्धा. त्या दिवशी घरी जाताना अक्काशी बोलायचं असं मी ठरवलं. रस्त्यात तिने माझ्यासाठी पेरू घेतले, माझ्या भावाच्या अकरावीच्या प्रवेशाची चौकशी केली, आणि मी बोलले नाही. ज्या बाईच्या खोलीत आपण झोपतो, तिला शब्द कसा वापरावा हे शिकवणारी मी कोण, असं वाटलं. त्या वेळी मी त्याला कृतज्ञता म्हणत होते.

मग मी एक मार्ग काढला. तशी नळी आली की स्पिरिटचा बोळा घ्यायचा, तो शब्द पुसायचा, फॉर्म पाहून त्या माणसाचं पूर्ण नाव लिहायचं. कोणाला काही बोलायला नको. अक्काच्या ते लक्षात आलं असणार, पण तिने विचारलं नाही. मला मात्र मनातून बरं वाटायचं. चार-पाच वेळा मी असं केलं आणि प्रत्येक वेळी त्या दिवसापुरती मी चांगली मुलगी झाले.

त्या सकाळी दोन नळ्या आल्या. एकीवर 'हबशी लांब', दुसरीवर 'हबशी चष्मा'.

दोन सुदानी विद्यार्थी होते. बरकतपुऱ्यात एका घराच्या वरच्या मजल्यावर एकाच खोलीत राहायचे. घरमालकाने अचानक सांगितलं होतं की तुम्ही दोघांनी रक्त तपासून कागद आणा. खालच्या मजल्यावरच्या तेलुगू कुटुंबाला त्याने असं काही सांगितलं नव्हतं. फॉर्मवर दोघांचा पत्ता एक, वय एका वर्षाने पुढेमागे, तपासण्या त्याच, आणि 'रिपोर्ट कुठे पाठवायचा' याच्यापुढे घरमालकाचा मोबाइल नंबर. ही शेवटची गोष्ट काउंटरवर कोणालाच विचित्र वाटली नाही. मलाही नाही.

मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. लांब कोण आणि चष्मा कोण, हे पडद्यापलीकडे अक्काला माहीत होतं. तिला विचारायला सात पावलं जावं लागलं असतं आणि तोंडाने म्हणावं लागलं असतं, अक्का, यातला लांब कोणता? म्हणजे मी ते वाचलं आहे, मी ते पुसते आहे, मला ते आवडत नाही, हे सगळं उघड झालं असतं. मी बोळा घेतला. दोन्ही नळ्या स्वच्छ पुसल्या. रॅकमध्ये ज्या क्रमाने नळ्या होत्या त्याच क्रमाने वरचा फॉर्म आणि खालचा फॉर्म धरला आणि दोन पूर्ण नावं सुरेख अक्षरात लिहिली.

उंच मुलाची शीर लवकर सापडली नव्हती. अक्काने त्याला बाजूला बसवून आधी चष्मेवाल्याचं रक्त घेतलं होतं, त्यामुळे रॅकमध्ये चष्मेवाल्याची नळी पुढे होती आणि फॉर्म मात्र खाली.

एका नळीत 'बी' प्रकारची कावीळ निघाली. तो रिपोर्ट चष्मेवाल्याच्या नावाने घरमालकाच्या मोबाइलवर गेला.

पुढचं मला नंतर कळलं. घरमालकाने दुपारीच जिना चढून त्याला निघायला सांगितलं. त्याची गादी, कुकर आणि पुस्तकांची खोकी जिन्यात आणून ठेवली, आणि खोली धुवायला बाई लावली ती तो तिथे उभा असतानाच. उंच मुलाने मध्ये पडून पाहिलं, तर घरमालक त्याला म्हणाला, तुझा कागद चांगला आहे, तू राहा, पण ह्याला भेटायला आणलंस तर तूही जाशील. घरमालकाने तो रिपोर्ट गल्लीतल्या घरमालकांच्या ग्रुपवरही टाकला, इतरांनी सावध राहावं म्हणून. चष्मेवाला गौलीगुड्यात बसस्टँडच्या मागे एका लॉजवर जाऊन राहिला. विद्यापीठात त्याच्या विभागातल्या मुलांनी त्याच्या डब्यात हात घालणं बंद केलं. त्याचा प्रबंध द्यायला महिना राहिला होता.

पाचव्या दिवशी तो दुसऱ्या प्रयोगशाळेचा कागद घेऊन आमच्या काउंटरवर आला. त्यात कावीळ नव्हती. तो ओरडला नाही. त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि रांगेतल्या माणसांना जागा देऊन बाजूला उभा राहिला. मॅडमनी त्याच्या मित्रालाही बोलावून घेतलं, दोघांचं रक्त पुन्हा घेतलं, आणि तासाभरात उलगडा झाला. उंच मुलाला त्याची कावीळ तिथेच, आमच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर कळली. तो पहिल्यांदा मित्राकडे पाहून 'सॉरी' म्हणाला. मित्राला घराबाहेर काढलं ते आपल्या रक्तामुळे, असं त्याला वाटलं.

मॅडमनी जुन्या नळ्या फ्रिजमधून काढल्या. माझं सुरेख अक्षर. अक्का म्हणाली, "अक्षर बघा मॅडम, माझं नाही." ते खोटं नव्हतं. मॅडमनी मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, रॅकमध्ये नळ्या मागेपुढे झाल्या. तेही खोटं नव्हतं. आम्ही दोघी मराठी बायका मॅडमसमोर उभ्या राहून खरंच बोलत होतो, आणि तो शब्द आमच्या दोघींच्या मध्ये कुठेच नव्हता. मी तो फार चांगला पुसला होता.

शिक्षा म्हणून सुधारित रिपोर्ट आणि 'लेखनिकी चूक' असं लिहिलेलं माफीपत्र घेऊन मला बरकतपुऱ्याला पाठवलं. चष्मेवालाही तिथे आला होता, उरलेली पुस्तकं न्यायला. घरमालकाने कागद हातात घेतला नाही. म्हणाला, खोलीत आता दुसरा मुलगा येतोय, आणि तो लंबू पण जाणारच आहे, आज ना उद्या. मग बायकोला हाक मारून मला पाणी द्यायला सांगितलं. मी ते प्यायले. तहान लागली होती.

फाटकाबाहेर त्या मुलाने माफीपत्र वाचलं. तो इंग्रजीत बोलत होता, मधूनमधून इथलं हिंदी. त्याने विचारलं की फॉर्मवर आमची नावं होती, मग चूक झाली कशी? लेखनिकी चूक हे वाक्य तो विभागात दाखवू शकत नव्हता. मुलं म्हणतील, ओळखीने लिहून आणलंय. चूक नेमकी कशी झाली ते कळलं तरच कोणी विश्वास ठेवेल.

मी त्याला सांगितलं की नळ्यांवर नावाऐवजी खूण होती आणि मी ती पुसून अंदाजाने नावं लिहिली.

"कसली खूण?"

मी म्हणाले, एक शब्द. चांगला नव्हता, म्हणून पुसला.

"कोणता शब्द?"

तो पुस्तकांचं खोकं कडेवर घेऊन उभा होता, उन्हात, आणि वाट पाहत होता. आजवर तो शब्द मी फक्त वाचला होता. हसले होते, पुसला होता, उच्चारला कधी नव्हता. पहिल्यांदा उच्चारला तो त्याच्या तोंडावर.

त्याला तो माहीत होता. म्हणाला, आमच्या गल्लीतली मुलं रोज मागून ओरडतात. मला वाटलं होतं, सुई घेऊन बसलेली माणसं वेगळी असतील. मग त्याने विचारलं, "ज्याने लिहिला त्याला तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही."

"किती वेळा?"

मी खरा आकडा सांगितला. त्याने मान हलवली. मला वाटत होतं तो चिडेल, आणि चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने एवढंच मागितलं की हे सगळं कागदावर द्या, असंच्या असं, शब्दासकट, प्रयोगशाळेच्या शिक्क्याने. मला दुसरं काही नको.

संध्याकाळी मी अक्काला सांगितलं की मी मॅडमना लिहून देणार आहे. ती भाकरी थापत होती. तिने थापणं थांबवलं नाही.

"माझं नाव घालशील?"

"विचारलं तर सांगेन."

"कायकू? तुला काय मिळतं त्यात?" ती म्हणाली. "मला किल्ली देऊन परत घेतली तेव्हा कोण लिहून द्यायला आलं होतं? त्या गल्लीत असलेच लोक राहत होते की, काळे, गोरे, सगळे. खिडकीतून बघत होते."

मी म्हणाले, म्हणूनच अक्का, तू तरी तो शब्द लिहायला नको होतास. हे वाक्य मी किती महिने तोंडात धरून होते. आता बाहेर पडलं तेव्हा ते अगदीच शाळकरी वाटलं.

अक्काने भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे वळली. "ऐक. मी लांब लिहिलं, चष्मा लिहिलं. लांबाला लांबाचा रिपोर्ट गेला असता, चष्म्याला चष्म्याचा. माझ्या शब्दानं त्याचं घर गेलं नाही. तुझ्या बोळ्यानं गेलं."

तिच्या तुच्छतेने त्या दोघांना नीट पाहिलं होतं, कोण उंच आणि कोणाला चष्मा. माझ्या सभ्यतेने त्यांना पाहिलंच नव्हतं. पहिल्या दिवशी हसण्याऐवजी मी पडद्यापलीकडे जाऊन एवढं म्हटलं असतं की अक्का, हे नको लिहूस, क्रमांक घाल, तर ती रागावली असती, आठ दिवस अबोला धरला असता, आणि क्रमांक घातला असता. मला तो आठ दिवसांचा अबोला परवडला नाही. नळ्या पुसून मी माझी किंमत भरली असं मला वाटत होतं, कारण गुपचूप पुसायला धीर लागतो अशी मी स्वतःची समजूत करून घेतली होती.

"मी लिहिणार," एवढंच मी म्हणाले.

"लिही की. शिकलीस ना, लिहायलाच शिकवलं तुला." तिने माझं ताट वाढलं, नेहमीसारखं, आणि स्वतःचं घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी मी दोन पानं इंग्रजीत लिहून मॅडमच्या टेबलावर ठेवली. शब्द त्यात होता, त्याचा अर्थ होता, मी तो किती वेळा पाहून गप्प बसले तेही होतं. मॅडमनी चष्मा काढून वाचलं. खूण लिहिणाऱ्याचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी अक्काला आत बोलावलं नाही, त्या शब्दाविषयीही काही विचारलं नाही. शांतपणे समजावलं की हे बाहेर गेलं तर प्रयोगशाळा बंद पडेल, दहा माणसांचं पोट आहे. लेखनिकी चूक हे पुरेसं आहे. दोन्ही पानं त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि कुलूप लावलं. महिनाअखेरीला अक्काला सांगण्यात आलं की तुमची गरज नाही. कारण सांगितलं नाही. मला ठेवलं, कारण तपासणीच्या टेबलाला दुसरं कोणी नव्हतं.

अक्काने जाताना माझ्याकडे पाहिलं नाही. खोली सोड असंही म्हणाली नाही. मीच सोडली.

ती पानं मी आठवणीने पुन्हा लिहून काढली, खाली माझं नाव आणि सही घातली, आणि गौलीगुड्याच्या त्या लॉजवर घेऊन गेले. तो खाली आला. जिन्याच्या पायरीवर बसून त्याने सगळं वाचलं, दोनदा. मी समोर उभी होते. मला वाटतं, मी आभाराची वाट पाहत होते. इतकं सगळं झाल्यावरही.

त्याने पानं उलटी करून मागची बाजू पाहिली.

"शिक्का नाही याच्यावर," तो म्हणाला.

मी नाही म्हणाले. त्याने पानं नीट जुळवली, मधोमध घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.